दोष गिअरचा की तारेचा?

तळेगावला यंत्र नवे नाही. पैसा फंडाचा काच कारखाना येथे १९०८ साली उभा राहिला आणि शंभर वर्षांनी, २००८ मध्ये, जनरल मोटर्सचा मोटार कारखाना सुरू झाला. तेथील त्या कंपनीचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. परंतु तिच्याच जुन्या अमेरिकन पिकअपमधील एका गिअरबॉक्सची माहिती आज आपल्या उपयोगाची आहे. आपल्याकडील बहुतेक पिकअप हाताने गिअर टाकण्याच्या आहेत, हे खरे. तथापि आपोआप गिअर बदलणाऱ्या जुन्या गाड्याही आता आपल्या गॅरेजांत येऊ लागल्या आहेत.

त्यांच्याबरोबर एक नवा तंटाही आला. एका ड्रायव्हरची अशी गाडी जागेवरून उठेना. मालक म्हणाले, "यानेच गिअरबॉक्स जाळला." खर्च त्याच्या पगारातून कापावयाचे ठरले. मिस्त्रीनेही गिअरबॉक्स उतरवावा लागेल असे सांगितले. ड्रायव्हर युनियनच्या कचेरीत आला. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पण कामगारांच्या चौकशा लढविताना एक गोष्ट शिकलो होतो, की दोष कोणाचा हे विचारण्यापूर्वी दोष कोठे आहे हे विचारावे. म्हणून शब्दकोश उशाशी घेऊन मी या यंत्राची पुस्तके वाचली.

शेव्हरोले पिकअपमध्ये १९९३ पासून 'फोर एल सिक्स्टी ई' हा चार गिअरांचा गिअरबॉक्स बसू लागला. त्याआधीच्या पेटीत गिअर केव्हा बदलावयाचा हे ऑईलचा दाब ठरवीत असे. नव्या पेटीत ते काम संगणकाकडे गेले. गाडीचा वेग किती, पाय किती दाबला, हे पाहून तो दोन सोलेनॉइडांना वीज देतो. सोलेनॉइड म्हणजे विजेने उघडझाप होणारी ऑईलची तोटी. दोन्हींना वीज मिळाली की पहिला गिअर. फक्त दुसरीला मिळाली की दुसरा. फक्त पहिलीला मिळाली की चौथा. आणि दोन्ही बंद असल्या की तिसरा.

आता फ्यूज उडाला, तर काय होईल? दोन्ही तोट्या बंद, म्हणजे तिसरा गिअर. जागेवरून उठतानाही तिसराच! शिवाय ऑईलचा दाब आवरणारी वीज गेल्याने दाब पूर्ण चढतो आणि गिअर धक्क्याने पडतो. ड्रायव्हरला वाटते, पेटी गेली. वस्तुतः पेटीतील पट्ट्या घसरून जळू नयेत आणि गाडी कशीबशी घरी पोचावी, म्हणून कारागिरांनीच केलेली ही सोय आहे.

खरोखर जळलेली पेटी वेगळी बोलते. पहिला व दुसरा गिअर ठीक, पण तिसरा व चौथा नाहीत, तर त्या दोघांचा क्लच जळाला असे समजावे. दुसरा व चौथा नाहीत, तर त्यांचा पट्टा पाहावा. गाडी सदैव तिसऱ्यातच उठते आणि रिव्हर्स मात्र नीट पडतो, तर आधी विजेकडे वळावे.

तपासणीचा क्रम सोपा आहे. प्रथम ऑईलची पातळी व वास पाहा. ऑईल काळे पडून करपल्याचा वास आला तर पेटीत जळाले आहे. मग बॅटरी व फ्यूज. मग अर्थ: इंजिन चालू ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी गिअरबॉक्सच्या अंगाला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा अधिक दिसले तर अर्थ खराब आहे.

त्यानंतर संगणकाचा कोड वाचा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना यासाठी सर्वांना सारखे सॉकेट आहे. 'पी ०७५३' म्हणजे पहिल्या सोलेनॉइडच्या विद्युतमार्गात बिघाड. येथे लोक घाईने सोलेनॉइड बदलतात. पण मार्गात तार आहे, कनेक्टर आहे. कनेक्टर सोडवून सोलेनॉइडचा रोध मोजा. सुमारे २० ते ३० ओहम आला तर सोलेनॉइडची तार शाबूत आहे, पुढे वायरिंग हलवून पाहा. याउलट याच गाड्यांतील 'पी १८७०' हा कोड आतील घसरण सांगतो. तेथे बहुधा व्हॉल्व्हचे भोक झिजलेले असते, आणि वीज निर्दोष असते.

आमच्या ड्रायव्हरची गाडी अमेरिकन नव्हती, पण तिचा स्वभाव हाच होता. एका जुन्या वायरमनने मीटर लावला. अर्थचा बोल्ट चिखलाखाली गंजला होता. त्याने तो पॉलिश पेपरने घासून आवळला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये उठली. मालकांनी कपातीचा कागद आमच्यासमोर फाडला.

मीटर ड्रायव्हरच्या बाजूचा नसतो. पेटी खरोखर निष्काळजीपणाने जळाली असती, तर तेही त्या तपासणीत उघड झाले असते आणि आम्हांला ते मान्य करावे लागले असते. म्हणूनच मालकांना आणि कामगारांना माझी विनंती एकच आहे: पेटी खाली उतरविण्यापूर्वी आणि पगाराला हात लावण्यापूर्वी मीटर लावा. त्याला अर्धा तास लागतो.