नाणेघाटातला यज्ञाचा जमाखर्च

आम्ही कसाऱ्याचे. घाटाखाली राहणाऱ्यांकडे दिवाळीत पाहुणे हटकून येतात, आणि त्यांतले एखादे भाविक काका विचारतातच, "अहो, या बाजूला जुनी यज्ञभूमी कुठे आहे का?"

मी त्यांना सांगतो, देवळासारखी यज्ञाची जागा शोधू नका. श्रौतयज्ञाला कायमचे देऊळ नसते. शुल्बसूत्रांत मोकळी जमीन दोरीने मापून घ्यायला सांगितले आहे. सोमयागाची महावेदी लांबीला ३६ पावले, पश्चिमेकडे रुंदी ३०, पूर्वेकडे २४. अग्निचयनात विटांचे पाच थर रचून पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची चिती उभारायची; आणि सर्व आटोपले की मंडपालाच अग्नी द्यायचा! केरळात पांजाळ येथे १९७५ साली बारा दिवसांचे अग्निचयन झाले, तेव्हाही शेवटी मंडप जाळला. मग खूण राहावी कशाची?

राहिली ती दक्षिणेच्या हिशेबाची. त्यासाठी कसाऱ्याहून शहापूर, मुरबाड करीत वैशाखरे गाठावे आणि नाणेघाट चढावा. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला जाई. माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. ब्यूलरसाहेबांनी १८८३ साली तो वाचून छापला. त्यात अश्वमेध आहे, राजसूय आहे, गवामयन आहे, आणि दक्षिणा तर वाचकहो, छाती दडपणारी : एका यज्ञाला १,७०० गाई व १० हत्ती, दुसऱ्याला ११,००० गाई नि १,००० घोडे, एके ठिकाणी रोख २४,४०० कार्षापण! (आमच्या घरी सत्यनारायणाच्या दक्षिणेवरून अर्धा तास वाटाघाट चालते.)

एवढा पैसा आला कुठून? घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. ती आख्यायिका सोडली तरी, व्यापाराच्या उत्पन्नाचा त्यात मोठा वाटा असावा असे मला वाटते. म्हणूनच की काय, यज्ञ संस्कृत मंत्रांचे असूनही त्यांचा लेख प्राकृतात, वाटसरूंच्या बोलीत, आणि तोही रहदारीच्या खिंडीत कोरलेला.

त्यात राणीची स्तुती आहे ती रूपाची नव्हे. महिना-महिना उपवास करणारी, घरात तापसीसारखी राहणारी, दीक्षा, व्रत नि यज्ञ यांत निष्णात, अशी तिची ओळख दिली आहे. त्याच लेण्यात राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या केव्हाच फुटून गेल्या. भिंतीवर नावे मात्र आहेत, आणि राजा सातकर्णीच्या आधी नाव आहे ते नागनिकेचे.