वस्तू आपली, चावी कुणाची?



दिवाळीच्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती, आता नववीत आहे. एरवी अखंड बडबडणारी ही पोर त्या दिवशी गप्प गप्प! चिवडा-लाडू खाऊन झाले, तेव्हा कुठे ती बोलायला लागली.

तिची आजी जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणायची. हिने मोबाइलवर आजीचे तीन-चार व्हिडिओ घेतले आणि एका साइटवर टाकले. पुढे मोबाइल भरला, म्हणून मूळ व्हिडिओ पुसून टाकले. साइटवर आहेतच की! मागच्या वर्षी आजी वारली. आणि दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी बघते तर काय, हिचं खातंच बंद! 'आपण नियमांचा भंग केला आहे,' एवढी एकच ओळ. कोणता नियम, कसला भंग, काही पत्ता नाही.

"बाई, आजी माझी, व्हिडिओ मी काढला. मग तो काढून टाकणारे हे कोण?" तिने विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. चला, आज त्याचंच उत्तर शोधू या.

आपल्या देशात १९५७ सालचा कॉपीराइट कायदा आहे. तुम्ही स्वतः रचलेली कविता, स्वतः काढलेलं चित्र या कायद्याने तुमचंच असतं. साइटवर टाकलं म्हणून मालकी जात नाही. मग अडतं कुठे?

खातं उघडताना अटींची लांबलचक यादी येते. आपण ती वाचतो का? छे! 'मान्य' दिसलं की बोट टेकवून मोकळे! त्या यादीत साधारण असं लिहिलेलं असतं : मालकी तुमचीच, पण ही वस्तू साठवायची, तिच्या प्रती करायच्या, जगभर दाखवायची परवानगी तुम्ही आम्हाला फुकट देत आहात. आणि आमच्या नियमांत न बसणारं आम्ही काढून टाकू शकतो. म्हणजे बघा हं, वस्तू आपली, पण कपाट त्यांचं. चावीही त्यांच्याकडेच!

शाळेतलं भित्तिपत्रक आठवा. त्यावर काय लावायचं हे बाई ठरवतात. पण तुमची कविता नाही लागली, तर 'का हो बाई?' असं विचारता तरी येतं. मोठ्या साइटवर रोज कोट्यवधी गोष्टी येऊन पडतात. त्या चाळायला माणसं असतात, पण पुष्कळसं काम संगणकाचा प्रोग्रॅम करतो. कुणाचं वर दिसेल आणि कुणाचं तळाशी जाईल, हेही बहुतेक तोच ठरवतो.

नियम आंधळेपणाने लावला की काय होतं, त्याची एक खरी गोष्ट सांगते. ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममधल्या त्रांग बांग गावावर नापाम बॉम्ब पडले. कपडे जळून गेलेली नऊ वर्षांची किम फुक रडत रस्त्यावर धावत सुटली. तिचं छायाचित्र जगभर छापलं गेलं आणि युद्ध म्हणजे काय, हे लोकांना कळलं. २०१६ साली नॉर्वेचे लेखक टॉम एगेलान यांनी ते फेसबुकवर टाकलं. उघड्या अंगाचं चित्र नको, या नियमाखाली ते काढलं गेलं. 'आफ्टनपोस्टन' या मोठ्या वृत्तपत्राने टाकलं, तेही काढलं. शेवटी त्या देशाच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी टाकलं. तेही गेलं! वृत्तपत्राच्या संपादकांनी पहिल्या पानावर फेसबुकच्या प्रमुखांना जाहीर पत्र लिहिलं. जगभर ओरड झाली, तेव्हा कुठे ९ सप्टेंबर २०१६ रोजी कंपनीने माघार घेतली. पंतप्रधानांची ही गत, तर नववीतल्या मुलीचं काय!

कंपनीखेरीज सरकारचाही हात असतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या पालघरमध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून एका मुलीला, आणि त्या आवडल्याचं दाखवलं म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. श्रेया सिंघल ही तरुणी त्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम, '६६ अ', रद्दच केलं. तरी कायद्याने ठरवून दिलेल्या कारणांसाठी मजकूर हटवण्याचा आदेश न्यायालय किंवा सरकार देऊ शकतं. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणांचे व्हिडिओ एका रात्रीत दिसेनासे झाले.

कधी कधी तर कपाटच मोडीत निघतं. तुमच्या आई-बाबांना 'ऑर्कुट' विचारा. भारतात लोकप्रिय झालेली ती साइट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली.

आणि याच्या अगदी उलटही होतं बरं का! आपल्याला नको असलेला फोटो आपण पुसतो. पण तोवर कुणी त्याची प्रत काढून घेतली असेल, तर ती आपल्याला पुसता येत नाही. म्हणजे हवं ते हातून जातं आणि नको ते मागे उरतं!

मग साइटवर काही टाकूच नये का? तसं नाही. टाका, पण मूळ प्रत घरी ठेवा, तीही दोन ठिकाणी. दुसऱ्याचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारा. खातं बंद झालं, तर रडत बसू नका. तक्रार करण्याची सोय साइटवर असते. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन तिथे लिहा, कारण विचारा.

माझ्या विद्यार्थिनीने तेच केलं. तक्रारीचं उत्तर अजून आलेलं नाही. पण तिच्या मावशीच्या जुन्या मोबाइलमध्ये एक ओवी सापडली. अर्धीच आहे, मध्येच कुकरची शिट्टी वाजते. ती तिने तीन ठिकाणी उतरवून ठेवली आहे.

तुमच्या आजीचा आवाज कुठे ठेवला आहे? आजच बघा हं!