पगार थकला तर तडजोड कशी करावी

मुळशी तालुक्यात पिरंगुट-उरवड्याच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीच्या इमारतींत ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगाराचा पगार थकला, की एकच उत्तर मिळतं : “कंपनीकडून बिल पास झालं नाही.” कायदा हे कारण मानत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत मिळाला पाहिजे. काम सुटलं तर कामकाजाच्या 2 दिवसांत. ठेकेदाराने हात वर केले तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, म्हणून अर्जात दोघांचीही नावं घालावीत.

अर्ज पुण्यातल्या कामगार आयुक्त कार्यालयात द्यायचा. पगार दिल्याचा पुरावा देणं मालकाचं काम आहे. तरीही हजेरी, गेटपास, पासबुक, मुकादमाचे व्हॉट्सॲप संदेश, जे हाताशी असेल ते न्यावं, आणि महिनावार हिशेब स्वतः मांडावा : कामाचे दिवस, ओव्हरटाइम, घेतलेली उचल, बाकी. अर्जानंतरच्या समेटाच्या बैठकीत हा कागद सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. दाव्याची मुदत 3 वर्षं आहे, पण थांबू नये. ठेकेदार साइट बदलतात.

बैठकीत कामगारावर मोठा दबाव येतो : “दोन महिन्यांऐवजी एकाचे घे आणि विषय संपव.” घरभाडं थकलेल्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं. पण संहितेनुसार देय असलेली रक्कम सोडून दिल्याचा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. घासाघीस व्हावी ती खऱ्या वादावर. ओव्हरटाइमचे तास किती, उचल किती, हप्ते किती आणि कधी.

ठरलेलं सगळं कागदावर यावं : रक्कम, तारखा, आणि एक हप्ता चुकला तर उरलेले सगळे पैसे लगेच देणं. हप्त्यांचे पुढच्या तारखांचे चेक घ्यावेत. चेक वटला नाही तर फौजदारी कारवाईचा वेगळा मार्ग मिळतो. ‘पूर्ण हिशेब मिळाला’ या ओळीखाली सही मात्र पैसे खात्यात जमा झाल्यावरच. गटाचा वाद असेल तर समेट अधिकाऱ्यासमोरच करावा. तो आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू होतो. बाहेर परस्पर केलेला करार फक्त करार करणाऱ्या पक्षांना बांधतो.

समेट फसला तर दाव्याचा निर्णय करणारा प्राधिकारी थकबाकीवर तिच्या 10 पटींपर्यंत भरपाई लावू शकतो, आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर महिला, अनुसूचित जाती-जमातींतले अर्जदार आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.