स्क्रीन काळी, कार्ड शाबूत

संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालसारख्या गावात संगणक बहुधा शहरात वापरून झालेलाच येतो. आत एनव्हिडियाच्या जिफोर्स २१० सारखं जुनं ग्राफिक्स कार्ड. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून कुणीतरी त्यावर लिनक्स टाकतं. मशीन छान चालतं. मग एका अपडेटमध्ये कर्नल बदलतो आणि स्क्रीन काळी पडते. ‘कार्ड गेलं’ असा निकाल लगेच लागतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. नव्या कर्नलमुळे लोकांचे प्रोग्रॅम बंद पडता कामा नयेत, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा कडक दंडक आहे. पण कर्नलच्या आतली जुळणी कधीही बदलू शकते, आणि ड्रायव्हरला तर तिथेच जोडून घ्यावं लागतं. ज्या ड्रायव्हरचा सोर्स कर्नलमध्येच असतो, तो बदल करणाराच सोबत दुरुस्त करतो. एनव्हिडियाचा जुना बंदिस्त ड्रायव्हर बाहेरचा. त्याचा जोडभाग प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. नव्या ट्रॅक्टरला जुन्या नांगराची पिन बसत नाही, तशी ही बांधणी फसते. जिफोर्स २१० साठीच्या ३४० मालिकेतला शेवटचा ड्रायव्हर डिसेंबर २०१९ चा आहे. त्यानंतर कंपनीने त्याकडे पाहिलेलं नाही.

अशा वेळी आधी सुरुवातीच्या ग्रब मेनूतून जुना कर्नल निवडून पाहावा. उबंटू आणि मिंट ही लिनक्सची रूपं तो सहसा ठेवतात. मशीन सुरू झालं, तर दोष ड्रायव्हरचा. मग बंदिस्त ड्रायव्हर काढून ‘नूवो’वर यावं. कार्डांचं वागणं निरखून स्वयंसेवकांनी उभा केलेला हा ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो. तो अनेक कार्डं कमी वेगावरच चालवतो, त्यामुळे गेम विसरा. सातबारा काढायला, पीक विम्याचा अर्ज भरायला मात्र तो पुरतो. कर्नल सुरू करताना द्यायचा ‘नोमोडसेट’ हा पर्याय फक्त स्क्रीन दिसण्यापुरता वापरावा. अनेकजण तो कायमचा ठेवतात आणि मशीन मंद झाल्याची तक्रार करतात!

एनव्हिडियाची स्पर्धक असलेल्या एएमडीने मात्र २००७ पासून आपल्या रेडिऑन कार्डांची तांत्रिक माहिती खुली करायला सुरुवात केली. म्हणूनच २०१२ च्या सुमाराचं रेडिऑन एचडी ७९७० कर्नल ६.१९ मध्ये आपोआप नव्या ड्रायव्हरवर गेलं. लिनक्ससाठी वापरलेलं कार्ड घ्यायचं असेल, तर रेडिऑनच घ्या.