पाहुणचाराची परीक्षा

तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टईच्या वाटेला लागले म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरांवर ओरत्तनाडु हे गाव येते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या सरफोजी महाराजांनी मुक्तांबेच्या स्मरणार्थ येथे एक छत्र बांधले. तमिळ भाषेत त्याला चत्तिरम म्हणतात. आपण त्यास अन्नछत्र म्हणू; परंतु तो शब्द अपुरा पडतो. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या मराठी राजांनी अशी अनेक छत्रे उभारली होती. सरकारी कामानिमित्त त्या भागात गेलो असता मी ही वास्तू पाहिली, आणि परतीच्या वाटेवर मनात जो विचार घोळत राहिला तोच आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. विचार जुन्या काळाचा नाही. हॉटेल मॅनेजमेंटच्या शिक्षणाचा आहे.

१७९९ च्या तहाने तंजावरच्या मुलखाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजींच्या हाती किल्ला आणि त्याच्या भोवतालचा थोडा परिसर एवढेच उरले. आता छत्रांचे काय होणार, या चिंतेने महाराजांनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिले. छत्रांत काय काय होते याचे त्यात सविस्तर वर्णन आहे. कोणत्याही जातीचा वा पंथाचा प्रवासी येवो, त्यास शिजविलेला भात मिळे. शिजविलेले ज्यास चालत नसे त्यास शिधा मिळे. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजे आणि अजून कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, असा पुकारा होई. आजाऱ्यास वैद्य आणि औषध, तान्ह्या मुलांस दूध, वाटेत मृत्यू पावलेल्यास त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार, अशी व्यवस्था होती. याखेरीज तेथे अध्यापक असत. छत्रात मागे राहिलेली परक्यांची पोरकी मुले शाळामास्तरांच्या स्वाधीन होत. त्यांचे जेवण, कपडालत्ता आणि ज्यात त्यांना गोडी असे त्या विद्येचे शिक्षण छत्राच्या खर्चाने चाले.

या पत्राकडे आजच्या दृष्टीने पाहिले म्हणजे एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. आपल्याकडची महाविद्यालये मूल्यांकनाच्या वेळी परिषदेकडे एक ‘स्वयंअध्ययन अहवाल’ धाडतात. आम्ही काय करतो, कोणासाठी करतो, त्याचा हिशेब काय, हे त्यात लिहावे लागते. सरफोजींचे पत्र याच जातीचे आहे. परक्या सत्तेचा विश्वास बसावा म्हणून एका संस्थेच्या धन्याने दिलेली ती कबुली आहे. फरक इतकाच की, धन्याच्या शब्दावर विसंबावयाचे नसेल तर छत्रांच्या हिशेबांचे मोडी कागद तंजावरच्या दप्तरांत आहेत. शब्द एकीकडे आणि त्याला ताडून पाहण्याची सोय दुसरीकडे: अधिस्वीकृती या भारदस्त शब्दाचा सारा अर्थ एवढाच आहे.

पाहुणचार ही शिकविण्याची विद्या आहे, ही कल्पना तशी अलीकडची. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे १८९३ साली हॉटेलव्यवसायाची शाळा निघाली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९२२ साली हा विषय आपल्या छपराखाली घेतला. आपल्या देशातील पहिली संस्था १९५४ साली मुंबईस, लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने काढली. पंचतारांकित हॉटेलांना माणसे पुरवावीत हा तिच्यामागचा मूळ हेतू नव्हता. ते धान्यटंचाईचे दिवस होते. हीच परिषद ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहे चालवी आणि गहू-तांदळावाचून पोटभर, सकस जेवण कसे देता येईल ते लोकांना दाखवी. हॉटेलशिक्षणाच्या सरकारी संस्था १९८२ पर्यंत अन्नखात्याकडे होत्या व त्या वर्षी त्या पर्यटनखात्याकडे आल्या, याचे मूळ यात आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञान परिषद स्थापन झाली. म्हणजे ओरत्तनाडुप्रमाणे दादरलाही ही विद्या भुकेच्या प्रश्नातून आली. झगमगाट मागाहून आला.

आज तंजावरच्या एखाद्या मुलाला हा अभ्यास करावयाचा असेल तर तिरुचिरापल्लीच्या वाटेवर तुवाकुडीला राज्य सरकारची संस्था आहे. सातारच्या मुलाला पुणे-मुंबईची वाट आहे. शिवाय खाजगी महाविद्यालये आहेतच. प्रवेशाच्या दिवसांत त्यांच्या माहितीपत्रकांवर इतक्या मुद्रा उमटलेल्या असतात की, पालकाने कोणती खरी मानावी हे त्यास कळत नाही. त्या सर्व खऱ्याही असू शकतात. पण त्यांचे अर्थ निरनिराळे असतात.

पहिली मुद्रा मान्यतेची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता म्हणजे दुकान उघडण्याचा परवाना होय. माल कसा आहे हे परवान्यावरून कळत नाही. मालाची पारख ही अधिस्वीकृती. तीही दोन प्रकारची. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे आपल्या तोंडी रुळलेले ‘नॅक’, ही १९९४ साली स्थापन झाली. ती मुख्यतः अख्खी संस्था पाहते. राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ एकेक अभ्यासक्रम पाहते. महाविद्यालयास उत्तम श्रेणी आहे म्हणून त्यातील हॉटेलचा अभ्यासक्रम उत्तम, असे अनुमान काढता येत नाही. तो विभाग कदाचित त्या श्रेणीनंतर उघडलेला असेल.

येथे एक गैरसमज मुद्दाम दूर केला पाहिजे. २०१४ साली भारत ‘वॉशिंग्टन करारा’चा कायम सदस्य झाला आणि आपल्या मंडळाने तपासलेल्या पदव्या इतर सदस्यदेशांत समकक्ष मानल्या जाऊ लागल्या, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे खरे आहे, परंतु अभियांत्रिकीपुरतेच. स्वयंपाक, निवासव्यवस्था, स्वागतकक्ष यांच्या शिक्षणास त्या कराराचा काडीचा उपयोग नाही. पर्यटनशिक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटनसंघटनेची ‘टेडक्वाल’ नावाची तपासणी आहे. ती घेणे न घेणे संस्थेच्या मर्जीवर असते. याउलट एखाद्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे नुसते वर्गणीदार सदस्यत्वही भिंतीवर सोनेरी चौकटीत झळकते. वर्गणी भरल्याची पावती ती, गुणपत्रक नव्हे.

मोठ्या संस्था या बाबतीत कशा वागतात हे पाहण्याजोगे आहे. लोझानच्या शाळेला नावलौकिकाची वाण नव्हती. तरीही तिने अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या उच्चशिक्षण आयोगाकडून स्वतःला तपासून घेतले. ज्याचा आपल्याशी हितसंबंध नाही अशा परक्याला घरात बोलवावे आणि त्याने भांडारघरापासून ग्रंथालयापर्यंत सारे उघडून पाहावे, यातच त्या शिक्क्याचे मोल आहे. तपासनीस विकला गेला की, शिक्का फुकट जातो. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या एका तपासणी पथकातील सदस्यांना लाच घेऊन चांगली श्रेणी दिल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. आरोपाचा निकाल न्यायालय देईल. पण प्रामाणिकपणे श्रेणी मिळविलेल्या शेकडो महाविद्यालयांकडेही त्या आठवड्यात लोक साशंकतेने पाहू लागले, ही हानी निकालाची वाट पाहत नाही. मी स्वतः सरकारी नोकर आहे. तपासणीसाठी गेलेल्या अधिकाऱ्यापुढे येणारी ताटे मी पाहिली आहेत. पाहुणचार शिकविणाऱ्या संस्थेत तर ती अधिकच रुचकर असणार. म्हणून मला वाटते, अशा पथकाने विद्यार्थ्यांच्या खानावळीत, पूर्वसूचनेवाचून जेवावे.

आता परदेशाच्या संधीकडे वळतो. माझ्या एका सहकाऱ्याचा पुतण्या हॉटेलच्या अभ्यासक्रमात होता. महाविद्यालयाने ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विनिमय’ या नावाखाली मोठी रक्कम घेऊन त्यास सहा महिन्यांसाठी पूर्वेकडील एका देशात धाडले. तेथे तो सहाही महिने मेजवान्यांच्या दालनात टेबले मांडीत आणि भांडी घाशीत होता. भांड्यांचे त्यास वाईट वाटले नाही. स्वयंपाकघराची बाराखडी तेथूनच सुरू होते हे तो जाणून होता. वाईट वाटले ते परत आल्यावर. विद्यापीठाच्या लेखी त्या सहा महिन्यांची नोंदच नव्हती. त्याला ते सत्र पुन्हा करावे लागले. कागद पाहिले तेव्हा कळले की, करार महाविद्यालय आणि एक दलाल यांच्यात होता. परदेशी विद्यापीठ त्यात कोठेच नव्हते. मग विनिमय कोणाशी झाला?

एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी खपविल्या जातात, हे यातले वर्म आहे. खरा विनिमय म्हणजे आपला विद्यार्थी तिकडे एक सत्र शिकतो, तेथील श्रेयांक येथे धरले जातात आणि तिकडचा विद्यार्थी येथे येतो. दुसरा प्रकार दोन विद्यापीठांनी मिळून चालविलेल्या अभ्यासक्रमाचा. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली नियम केले. त्यांनुसार ट्विनिंग पद्धतीत परदेशी घेतलेले श्रेयांक तीस टक्क्यांपर्यंतच चालतात, तर संयुक्त पदवीसाठी दोन्हींकडे किमान तीस टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. सहकार्य करू इच्छिणाऱ्या भारतीय संस्थेस नॅकचे किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभर विद्यापीठांत स्थान यांसारखी अट त्या नियमांत घातली. केवळ दुसऱ्याच्या नावाची पाटी लावून पदवी देण्यास त्यांत मनाई आहे. येथे देशातील अधिस्वीकृती आणि परदेशाची वाट यांची प्रत्यक्ष गाठ पडते: घरची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून ही वाट खुली होत नाही.

तिसरा प्रकार प्रशिक्षणाचा. अमेरिकेचा ‘जे-१’ परवाना आपल्या मुलांत फार लोकप्रिय आहे. त्या देशाच्या नियमांनुसार हॉटेलक्षेत्रातील प्रशिक्षणार्थीला बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवता येत नाही. इतर बहुतेक क्षेत्रांत ही मर्यादा अठरा महिन्यांची आहे. प्रशिक्षण सहा महिन्यांचे वा अधिक असेल तर त्यास निदान तीन विभागांत फिरविले पाहिजे. काय शिकविणार, कोण शिकविणार, याचा आराखडा लेखी असतो आणि त्यावर प्रशिक्षणार्थी, पुरस्कर्ती संस्था व यजमान हॉटेल या तिघांच्या सह्या असतात. विभाग बदलण्याची ही अट कोणा दयाळू माणसाने उगाच घातलेली नाही. स्वस्त हमाल म्हणून पोरे राबविली जाऊ नयेत म्हणून ती आहे. आमच्या त्या मुलाच्या हाती असा कागद असता तर टेबलांवरून त्याला स्वयंपाकघरात न्या, असे म्हणण्याचा हक्क तरी त्यास मिळाला असता.

विनिमयाची दुसरी बाजू आपल्या बोलण्यात सहसा येत नाही. आपली मुले जातात. इकडे कोण येते? लोझानच्या विद्यार्थ्याने तंजावरला एक सत्र काढावे असे तेथे काय आहे, असे कोणी विचारील. तेथे सरस्वती महाल आहे आणि त्याने प्रसिद्ध केलेले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ आहे. तांदळावर आयुष्य वेचलेली एक संशोधनसंस्था आहे. १९६७ साली भातप्रक्रियेच्या लहानशा केंद्रापासून सुरू झालेली ही संस्था २०२१ पासून राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून गणली जाते. दोनशे वर्षांपूर्वी रोज अनोळखी माणसांना त्यांच्या आचारधर्माप्रमाणे जेवू घालण्याची व्यवस्था कशी चाले, हे सांगणारे मोडी हिशेब आहेत. निरनिराळ्या पथ्यांचे पाहुणे एका छपराखाली सांभाळणे हा आजच्या प्रत्येक मोठ्या हॉटेलापुढचा प्रश्न आहे. (सांबाराला संभाजीचे नाव मिळाल्याची दंतकथा मात्र मी या यादीत धरीत नाही. ती पाहुण्यांना जेवताना सांगावी, परीक्षेत लिहू नये.) हे सारे अभ्यासक्रमाच्या आकाराला आणणे, त्याचे श्रेयांक ठरविणे आणि त्यावर परक्यांची तपासणी मागविणे, हे काम तमिळनाडूतील व महाराष्ट्रातील संस्थांनी मिळून करण्याजोगे आहे. मोडी वाचणारे आपल्याकडे आहेत, आणि कागद तिकडे.

सहकाऱ्याच्या त्या पुतण्याने ते सत्र पुन्हा पुरे केले. गेल्या वर्षी त्याची धाकटी बहीण दुसऱ्या एका महाविद्यालयात याच अभ्यासक्रमाला गेली. तेथेही परदेशी विनिमयाचे पत्रक वाटले गेले. तिने पैसे भरण्यापूर्वी तीन कागद मागितले: मूळ करार, श्रेयांक धरले जातील असे विद्यापीठाचे लेखी पत्र, आणि अधिस्वीकृती कोणत्या तारखेपर्यंत आहे त्याचा दाखला. कचेरीने आठ दिवस घेतले. दोन कागद मिळाले. तिसऱ्यासाठी तिला पुढल्या सोमवारी यावयास सांगितले आहे, आणि तोवर तिने पैसे भरलेले नाहीत.