पावसाळ्यात तडकणारे पितळ

ब्रिटिश अमदानीत लष्करी दारूगोळा पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवला जाई. मोसम सरता सरता काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले आढळत. धक्का नाही, मार नाही! अशी पुंगळी बंदुकीतच फुटली तर सैनिकाच्या जिवावर बेतायचे. ‘सीझन क्रॅकिंग’ नावाच्या या कोड्याचा उलगडा १९२१ साली मूर, बेकिनसेल व मॅलिन्सन यांनी केला.

या पितळात सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. थंड अवस्थेत ओढून घडवताना त्यात ताण कोंडून राहतो आणि दमट हवेत घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया नेमका तेथेच घाव घालतो.

उपाय उष्णतेचा. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीरही ठोकून कठीण झालेले तांबे भट्टीत लाल करून मऊ करतात. पुंगळीचे गणित मात्र नाजूक आहे. तोंड मऊ चालते, बूड कठीणच हवे. ते नरमले तर स्फोटाचा दाब पेलवत नाही. ताण घालवण्यास २५० ते ३०० अंश सेल्सिअस पुरतात. एवढ्या उष्णतेला पितळ लाल होत नाही, त्यामुळे घरच्या शेगडीवर नजरेच्या अंदाजाने हे साधत नाही.