न दिसणारा वैद्य



घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे डॉक्टर नाडी पाहतात, पोट चांचपतात, छातीला नळी लावतात, आणि मग चिठ्ठीवर दोन ओळी लिहून म्हणतात, ‘एवढें तपासून आणा.’ आपण रक्त देऊन येतों, सायंकाळीं कागद आणतों, आणि त्यावरचे आकडे न उमजतांच तो डॉक्टरांच्या हातीं देतों. या दोहोंच्या मध्यें जो मनुष्य सूक्ष्मदर्शक यंत्रापुढें बसलेला असतो, त्याचें तोंडहि आपण पाहिलेलें नसतें. त्या न दिसणाऱ्या वैद्याची आज ओळख करून घेऊं.

त्याच्या विद्येला विकृतिशास्त्र म्हणतात. रोगाचें मूळ शरीराच्या पेशींत शोधलें पाहिजे, हा सिद्धांत बर्लिनच्या फिर्खो यांनीं १८५८ सालीं मांडला, आणि तेथून या शास्त्राला आजचें रूप आलें. आपल्या शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालीं निघालें. ज्याला आपण सारे ‘घाटी’ म्हणतों, त्या रुग्णालयांत या विद्येच्या शाखा आज आपापलें काम करीत असतात. कोणी मांसाचा तुकडा पाहतो, कोणी रक्त, कोणी जंतु, तर कोणी रक्तांतील साखर-क्षार मोजतो.

पहिल्या शाखेचें काम जरा निरखून पाहूं. समजा, तंबाखू खाणाऱ्या एका गृहस्थांच्या गालाच्या आंत पांढरा चट्टा उठला आहे व मधोमध न भरणारी जखम आहे. वरून पाहून अनुभवी डॉक्टरहि शपथेवर सांगूं शकणार नाहीं कीं, हा साधा चट्टा आहे, कर्करोगाची पूर्वसूचना आहे, कीं प्रत्यक्ष कर्करोग. म्हणून जागा बधिर करून तांदळाएवढा तुकडा काढतात. तो फॉर्मालिनमध्यें मुरवितात, मेणांत बसवितात, आणि मिलिमीटरच्या हजार भागांपैकीं तीन ते पांच भाग जाडीचे काप काढतात. निळ्या व गुलाबी रंगांत ते रंगविले म्हणजे पेशींची वस्ती स्पष्ट दिसूं लागते. निरोगी त्वचेंत पेशींचे थर शिस्तीनें एकावर एक असतात व खालीं एक नाजूक पडदा असतो. पेशी बेढब झाल्या असल्या तरी तो पडदा शाबूत असेल, तर वेळ अजून हातीं आहे. पेशी पडदा फोडून खालीं उतरल्या असतील, तर तो कर्करोग होय. गाल राखावयाचा कीं जबड्याचा भाग काढावयाचा, या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ येथें होतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत १९४१ सालापासून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं या कामाचा भक्कम पाया घातला, आणि तोंडाच्या कर्करोगाचा तंबाखूशीं असलेला संबंध अभ्यासिला.

मानेवरील गांठीचेंहि असेंच आहे. बारीक सुईनें थोड्या पेशी ओढून कांचेवर पसरतात. गांठ क्षयाची निघाली तर कांहीं महिन्यांच्या औषधांनीं रोगी बहुधा बरा होतो, आणि कर्करोगाची निघाली तर मार्गच निराळा. परंतु ‘सुई लावली कीं गांठ पसरते’ या भीतीनें कित्येक कुटुंबें महिनेच्या महिने लेप लावीत बसतात. नीट केलेल्या तपासणीपेक्षां हा दवडलेला काळच अधिक घातक असतो.

आतां रक्ताकडे वळूं. हिवतापाचे परजीवी रक्तांत दिसतात, हें लाव्हराँ यांनीं १८८० सालीं दाखविलें. पुढें निजामी मुलखांतील सिकंदराबादच्या छावणींत रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजीं तेच परजीवी डांसाच्या पोटांत सांपडले. आजहि थंडी वाजून ताप भरला म्हणजे रक्ताचा एक थेंब कांचेवर पसरून पाहणें हा भरंवशाचा उपाय आहे. विषमज्वराचा संशय असेल, तर जंतु वाढविण्यासाठीं रक्त औषध सुरू होण्यापूर्वींच घ्यावें लागतें. आधीं गोळ्या व मग तपासणी केली, तर पुष्कळदां जंतु हातीं लागत नाहींत.

रक्त चढवितांना तर चूक म्हणजे प्राणाशीं गांठ. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं १९५२ सालीं मुंबईंत एक नवाच रक्तगट प्रसिद्ध केला, त्याला आज जग ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतें. साध्या परीक्षेंत तो ‘ओ’ भासतो. परंतु अशा माणसाला ‘ओ’ गटाचें रक्तहि चालत नाहीं. रोग्याचा रक्तरस ‘ओ’ पेशींशीं पडताळून पाहिला, तरच हा भेद उघड होतो. म्हणून रक्तपेढींत पडताळणीस लागणारा वेळ पाहून उतावीळ होऊं नये.

शेवटीं चार गोष्टी सांगतों. उपाशीपोटीं यावें असें सांगितलें असेल, तर तें पाळावें. चालू असलेलीं औषधें तपासणाऱ्याला सांगावीं. जुने अहवाल जपून ठेवावे. तुकड्याची तपासणी झाली असेल, तर दुसरें मत घेतांना कांचपट्ट्या व मेणाचे ठोकळे मागून न्यावे. आणि अहवालांतला एखादा आंकडा मर्यादेबाहेर दिसला म्हणून स्वतःच औषध ठरवूं नये. यंत्रापुढें बसलेला वैद्य पेशी पाहतो, आपल्यापुढें बसलेला वैद्य माणूस पाहतो. निदान होतें तें या दोघांची गांठ पडल्यावर.